एक कमी हाय!

माझी शांताआत्या माणसं मोजते. लग्नात, मयताला, एसटीत. बसायच्या आधी तिचं बोट हवेत नाचतं आणि ओठ हलतात. पोलादपूरजवळच्या वाडीवर तिनं तीस वर्षं अंगणवाडी चालवली, तिथली ही सवय. महाड डेपोत कंडक्टर म्हणाला बेचाळीस, आत्या म्हणाली त्रेचाळीस. बिचाऱ्यानं दोनदा मोजलं. आत्यानं ड्रायव्हर धरला होता.

"ड्रायव्हर काय माणूस नाय?"

ही आत्या माझ्याबरोबर दिल्लीला आली, कारण बाबांची अट: "पोरगी एकटी जाणार नाय." तिथं तरुणांच्या राजकारणातल्या सहभागावर दोन दिवसांचं चर्चासत्र होतं आणि महाडच्या आमच्या कॉलेजातून माझी निवड झाली होती. 'ग्रामसभेतल्या बायका' या विषयावर पाच मिनिटं बोलायचं. निवड झाली त्या दिवसापासून मला घास गिळवत नव्हता. पनवेलला गाडीत चढले तेव्हाही भाषणाचा कागद हातातच होता. आत्या डब्यातली माणसं मोजून आली, "एक्काहत्तर, एक बर्थ रिकामा," म्हणाली आणि तांदळाची भाकरी नि सुकट सोडून बसली. समोरच्या गृहस्थांनी वासानं खिडकी उघडायची बरीच खटपट केली. एसीचा डबा होता, उघडेना.

दिल्लीत सगळे फाडफाड इंग्रजी बोलत होते. प्रत्येकाला कुठल्या ना कुठल्या विचारवंताचं नाव पाठ. माझ्या कागदावर वाडीचं नाव होतं आणि खाली बरीच खाडाखोड. घरच्या माणसांना आत सोडत नव्हते, पण आत्यानं दारावरच्या वॉचमनला असं काही "बाळा" म्हटलं की तिला मागं खुर्ची मिळाली. बसायच्या आधी बोट नाचलंच.

चहाच्या सुट्टीनंतर माझी पाळी होती. मी चहा घेतला नाही. जिन्याखाली जाऊन बसले आणि ठरवलं, पोटात दुखतंय म्हणून सांगायचं. सुट्टी संपली, दारं लागली, आणि सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंना थांबवत आतून आत्याचा आवाज आला, "थांबा हो बाई! एक कमी हाय!"

दोन मिनिटांत ती जिन्याखाली वाकून उभी. मला वाटलं, आता ओरडणार. ती शेजारी टेकली.

"नाय बोलायचं तर नको बोलू. पण आत चल. असं लपून बसलं ना गो, की त्याचीच सवय लागते."

मी गेले. बोलले. आवाज फाटला, कागद हातातून पडला, तो उचलायचं भानही राहिलं नाही. मग आमच्याकडच्या बायका बोलतात ते, त्या बोलतात तसंच सांगितलं. पाच मिनिटांचं तीन मिनिटांत उरकलं. टाळ्या पडल्या तेव्हा आधी आत्याला शोधलं, तर खुर्ची रिकामी.

ती बाहेर व्हरांड्यात भिंतीकडं तोंड करून उभी होती.

"झालं? मला नाय बसवलं गो आत. छाती धडधडत होती."

"आत्या, तू कशाला घाबरलीस?"

"तीस वर्षं ग्रामसभेला गेले. सगळ्यांच्या आधी जाऊन बसायचे. एकदा पण उठून बोलता नाय आलं."

मी विचारलं, "काय बोलायचं होतं?"

व्हरांड्यात आम्ही दोघीच होतो. तरी आत्यानं इकडंतिकडं बघितलं, पदर तोंडाला लावला आणि अगदी हळू म्हणाली, "आमच्या अंगणवाडीला नळ कधी देणार?"