यकृताची एकादशी

"आई, निघते मी. पेशींना खायला घालायचंय," प्राची चप्पल चढवत म्हणाली.

देवापुढे वाती वळणाऱ्या नंदाताईंचा हात थांबला. "आज एकादशी आहे गं."

"त्यांना कुठली एकादशी? रोज लागतं त्यांना."

"पण पेशी कुणाच्या?"

 पेशी सासूबाईंच्याच होत्या. नौपाड्यातल्या प्रयोगशाळेसाठी नंदाताईंनीच हौसेनं रक्त दिलं होतं. त्या रक्तातून मूळपेशी तयार करून सून आता त्यांचं यकृत घडवत होती. अख्खं नव्हे, काचेच्या बशीला चिकटलेला पातळ थर. पुढेमागे कुणाचं निकामी यकृत दुरुस्त करायला उपयोगी पडावं, एवढी आशा.

नंदाताईंची एकादशी लग्नापासून कधी मोडली नव्हती. आणि इथे कोपरीत त्या उपाशी असताना तिकडे नौपाड्यात त्यांचंच यकृत जेवत होतं!

"अगं, कापलेली नखं काय उपास करतात?" पेपराआडून तानाजीरावांनी सुनेची बाजू घेतली.

"नखं जेवत नाहीत," नंदाताई हळूच म्हणाल्या. "काय असतं गं त्या खाण्यात?"

"साखर, क्षार, जीवनसत्त्वं..."

"मग चालतंय की!" तानाजीराव खूश.

"...आणि थोडा सोयाबीनचा अर्क."

"कडधान्य!" म्हणत नंदाताईंनी पदर खोचला.

अर्ध्या तासात त्या प्रयोगशाळेच्या दारात स्टूल टाकून जप करत बसल्या होत्या. प्राचीचा साहेब, डॉक्टर सुशांत, धावत आला.

"काकू, तिला आत जाऊ द्या. इतक्या महिन्यांची मेहनत आहे तिची."

"जाऊ दे की. मग मी संमती काढून घेते. कधीही काढता येते, असं तुम्हीच सांगितलेलंत."

 संमती गेली की पेशी फेकायच्या. प्राची रडवेली झाली. "आई, मरतील हो त्या उपाशी!"

"माझ्या आहेत. एका उपासानं मरणाऱ्यातल्या नाहीत."

मागोमाग आलेल्या तानाजीरावांनी "साबुदाण्याची पेज चालेल का?" असं विचारून पाहिलं.  शेवटी तडजोड झाली: आजच्या दिवस नुसतं क्षारांचं पाणी.

"मीठ सैंधव घ्या."

"काकू!"

"बरं, तेवढं सोडते."

द्वादशीला सकाळी प्राचीनं बशी मायक्रोस्कोपखाली ठेवून पाहिली. निम्म्या पेशी मरून तरंगत होत्या.

"संपलं, सर."

सुशांतनं डोळा लावला.  "अगं, मेल्या त्या कच्च्या! ज्यांचं यकृत झालंच नव्हतं, त्या. पक्कं यकृत उपासात स्वतःची साखर स्वतः बनवतं. उरलेल्या बघ! एवढ्या स्वच्छ निवडायला आपल्याला कुठे जमत होतं?"

तो तसाच दाराकडे धावला. "काकू, कमाल केलीत! आता अजून दोन दिवस उपाशीच ठेवू त्यांना."

"मुळीच नाही." नंदाताईंचं स्टूल आजही दारातच होतं. "आज द्वादशी. उपास धरायचा, तसा वेळेत सोडायचाही असतो."

"पण काकू, विज्ञानासाठी..."

"त्या जेवल्याशिवाय मीही घास घेणार नाही. बसलेय मी."

सुशांतनं प्राचीकडे पाहिलं. प्राचीनं छताकडे पाहिलं. मग त्यानं मुकाट्यानं हातमोजे चढवले.

काचेपलीकडून नंदाताईंनी मान उंचावली.

"सावकाश घाला हो, डॉक्टर. रिकाम्या पोटी आहेत."