बुटकी, लांबोडी आणि चारुदत्तचा पट्टा

‘‘दोन साहेब सांभाळणं म्हणजे काय मोठं अवघड आहे गं?’’ चारुदत्त देवस्थळी चहाचा कप खाली ठेवत म्हणाला. ‘‘मी एकत्र कुटुंबात वाढलोय. आई आणि काकू, दोघींनी केलेल्या आमट्या एकाच ताटात वाढल्या जायच्या आणि दोघींना वाटायचं, चारूला आपलीच आवडते! ही विद्या आहे, कांचन. अमेरिकेत कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत!’’

कांचनने नवऱ्याकडे पाहिलं. मग फडताळावर आडव्या ठेवलेल्या नव्याकोऱ्या रायफलीकडे पाहिलं.

‘‘आमटीने कुणी मेलं नव्हतं,’’ ती म्हणाली.

गोष्ट अशी होती. जॉर्जियातल्या अल्फारेटा गावी, चारुदत्तच्या कंपनीत लीडची, म्हणजे गटप्रमुखाची, जागा रिकामी झाली होती. ती त्याला हवी होती. हवी म्हणजे किती? चातकाला पाऊस हवा असतो, त्याहून थोडी जास्त! आणि त्या जागेच्या दाराला दोन कुलपं होती. एकाचं नाव क्लेटन, दुसऱ्याचं डार्लीन. दोघेही चारुदत्तचे साहेब, दोघांचा होकार मिळाल्याशिवाय दार उघडायचं नाही. आणि दोघांचा रिवाज असा, की ज्याला लीड करायचं त्याला आधी हरणाच्या शिकारीला न्यायचं. माणूस रानात कळतो म्हणे!

आता क्लेटन आणि डार्लीन यांचं जगातल्या कुठल्याही गोष्टीवर एकमत होत नसे. सर्व्हर कुठला घ्यावा, मीटिंग कधी ठेवावी, कॉफी किती कडक असावी! पण सगळ्यात मोठं भांडण काडतुसांवरून. क्लेटनचा जीव जुन्या, रुळलेल्या मॅग्नम, म्हणजे जास्त दारूच्या, काडतुसावर. उंच, सडसडीत, शेवग्याच्या शेंगेसारखं. त्याचे वडील तेच वापरत आणि वडिलांचा नेम चुकत नसे. डार्लीनला मात्र नुकतंच बाजारात आलेलं आखूड मॅग्नम प्रिय. बुटकं, गरगरीत, बारशाला आणलेल्या बाळासारखं! ताकद जवळपास तेवढीच. वर त्याची रायफल आखूड, हलकी, डोंगर चढताना खांद्याला जड होत नाही. एक म्हणे, ‘‘जुनं ते सोनं.’’ दुसरी म्हणे, ‘‘सोनं जड असतं, तूच वाहा!’’

कंपनीत जेवणाच्या टेबलावर हे रोज चाले. एके दिवशी जेवणाच्या वेळी क्लेटनने चारुदत्तला एकट्याला गाठलं.

‘‘चक,’’ त्याला चारुदत्त म्हणता येत नसे, ‘‘तू विचारी माणूस. तू काय घेणार? उंच की बुटकं?’’

‘‘उंच!’’ चारुदत्त म्हणाला. ‘‘हे काय विचारणं झालं?’’

क्लेटनने त्याच्या पाठीवर अशी थाप मारली, की दाढेत भरलेली चांदी ढिली झाली.

दुसऱ्या दिवशी डार्लीनने लिफ्टमध्ये तोच प्रश्न विचारला.

‘‘बुटकं!’’ चारुदत्त म्हणाला. ‘‘जमाना कुठे चाललाय!’’

डार्लीन हसली. ती हसली म्हणजे तिची सेक्रेटरी तारीख लिहून ठेवायची, इतकं ते दुर्मीळ होतं!

आणि तिसऱ्या दिवशी दोघांनी मिळून सांगितलं : हंगामाच्या पहिल्या शनिवारी तिघांनी जायचं. एकाच मचाणावर बसायचं. क्लेटन डावीकडे, डार्लीन उजवीकडे, मधे चक!

दुसरा कुणी असता तर तापाचं निमित्त काढून घरी बसला असता. पण चारुदत्तच्या अंगात आमटीचं रक्त! त्याने शिकारीचा परवाना काढला, सुरक्षेचा वर्ग केला, बुटक्या काडतुसाची हलकी रायफल घेतली आणि वर उंच काडतुसांचा एक डबाही घेतला.

दुकानदार गोंधळला. ‘‘साहेब, या रायफलीत ही उंच बसणार नाहीत. आत शिरणारच नाहीत ती!’’

‘‘ती उडवायला नाहीत,’’ चारुदत्त म्हणाला. ‘‘दाखवायला आहेत.’’

‘‘आणि खरं सांगू? इथल्या हरणाला यातलं कुठलंही जास्तच होतं.’’

‘‘हरणाला विचारतंय कोण?’’

बेत असा होता. कमरेला काडतुसं अडकवायचा चामडी पट्टा. डाव्या बाजूला, जिकडे क्लेटन बसणार, तिकडे सगळी उंच. उजव्या बाजूला, डार्लीनकडे, सगळी बुटकी. जॅकेट जरा डावीकडे सारलं की क्लेटन खूश, उजवीकडे सारलं की डार्लीन खूश. भरताना उजवीकडची भरायची. संपलं! चारुदत्त आरशासमोर उभा राहून तीन दिवस सराव करत होता. डावीकडे सार, हस. उजवीकडे सार, हस.

‘‘बाबा,’’ वैदेही, त्याची लेक, दारातून म्हणाली, ‘‘यू कॅरी स्पायडर्स आउट इन अ कप! साधा कोळी मारवत नाही तुला, तू हरीण मारणार?’’

‘‘मारायचं कुठे आहे, बेटा? फक्त बसायचंय.’’

आदल्या दिवशी, शुक्रवारी, दसरा आला. इथेच घात झाला!

दसऱ्याला शस्त्रं पुजायची. माहेरी कांचनने विळी, खुरपं, वडिलांचा पाना आणि शिवणयंत्र पुजलेलं होतं. अमेरिकेत इतकी वर्षं तिने लॅपटॉप, मिक्सर आणि गाडीची किल्ली यांच्यावर भागवलं. आणि आज घरात खरंखुरं शस्त्र! तिच्या हाताला नुसतं स्फुरण चढलं. चारुदत्त ऑफिसात असताना तिने पाट मांडला. पाटाभोवती रांगोळी घातली. आपटा जॉर्जियात कुठला मिळायला! पण अंगणातल्या रेडबडच्या झाडाची पानं जवळपास तशीच, हृदयाच्या आकाराची. तीच सोनं म्हणून ठेवली. रायफलीला झेंडूची माळ घातली. मग पट्ट्यातली काडतुसं सोडवून एकेकाला हळदीकुंकू लावलं आणि कामाच्या नादात ओवी गुणगुणली :

दसऱ्याचं सोनं बाई, दारी झेंडूची आरास
धनी निघाले रानाला, देवा जप पाडसास!

म्हणजे नवऱ्याच्या बंदुकीची पूजा आणि मागणं हरणासाठी! बायका अशाच असतात. देवाचीही पंचाईत होते.

पूजा झाली. काडतुसं परत पट्ट्यात अडकवायची वेळ आली. कांचनने एका बाजूला सगळी लांबोडी लावली, पट्टा हातभर लांब धरला, मान तिरकी केली. छे! एकीकडे नुसती ताडं, एकीकडे नुसते टोणपे. हे काय ओवणं झालं? जिच्या आजीने मोहनमाळा ओवल्या तिचा हात असा कसा चालणार! तिने सगळी पुन्हा काढली. एक लांबोडी, एक बुटकी. एक लांबोडी, एक बुटकी. पट्टा असा नटला, की एखाद्या नवरीच्या गळ्यात घालावा!

संध्याकाळी ओळखीतले हेमचंद्र काका आणि मालिनीकाकू सोनं द्यायला आले. काका इकडे येऊन निवृत्त झालेले डॉक्टर. त्यांनी पट्ट्याला नमस्कार केला.

‘‘वा, कांचन! काय नक्षी साधलीस!’’

‘‘इश्श, काका, काहीतरीच!’’

चारुदत्त तेव्हा दिवाणखान्याच्या दुसऱ्या टोकाला, मालिनीकाकूंना लीड म्हणजे नेमकं काय ते समजावण्यात दंग होता. पट्ट्यावरही झेंडूची फुलं होती. त्याने पाहिलं ते एवढंच, की घरात किती मंगल वाटतंय!

पहाटे अंधारात त्याने पट्टा बांधला. वर नियमाप्रमाणे झगझगीत नारिंगी जॅकेट.

‘‘भगवं आहे!’’ कांचन झोपेतच म्हणाली. ‘‘छान दिसतंय. विजयी व्हा!’’

मचाण म्हणजे लाकडी खोपटं, पाइनच्या झाडांमधे, तीन माणसांना पुरेल एवढंच. क्लेटन डावीकडे, डार्लीन उजवीकडे, मधे चारुदत्त. सँडविचमधल्या काकडीसारखा! बाहेर धुकं झाडांच्या अंगाखांद्यावरून हळूच उतरत होतं. दवाचा एकेक थेंब पानाच्या टोकावर थांबून विचार करत होता, पडू की नको. चारुदत्तला वाटलं, असंच बसून राहावं. काहीच होऊ नये.

‘‘भरा,’’ क्लेटन पुटपुटला.

चारुदत्तने सरावाप्रमाणे जॅकेट डावीकडे जरासं सारलं. हसला. क्लेटननेही हसून खाली पाहिलं आणि हसू तिथेच गोठलं. मग चारुदत्तने उजवीकडे सारलं, हसला. डार्लीनने भुवई उचलली. चारुदत्तला वाटलं, खूश झाली!

त्याचा हात उजव्या बाजूला गेला. काडतूस काढलं, रायफलीच्या पोटात घातलं. जाईना! उलटसुलट केलं. जाईना! जरा दाबलं. कपाळावर घाम. दुसरं काढलं. हे बुटकं, गेलं बिचारं मुकाट्याने. तिसरं पुन्हा अडलं!

‘‘चक,’’ डार्लीन अगदी हळू म्हणाली, ‘‘हे उंच काय करतंय तुझ्याकडे?’’

‘‘ते... पाहुणं आहे.’’

‘‘आणि माझ्या बाजूला बुटकी का आहेत?’’ क्लेटन.

चारुदत्तने खाली पाहिलं. आणि पहिल्यांदा त्याला पट्टा दिसला. लांबोडी, बुटकी, लांबोडी, बुटकी, कमरेभोवती सगळीकडे! त्याच्या हातातलं काडतूस निसटलं, फळीवर टणकन पडलं आणि घरंगळत दोघांच्या बुटांच्या मधोमध जाऊन थांबलं. डोक्यावर ठसठशीत कुंकू!

‘‘याला रक्त लागलंय?’’ क्लेटन दचकला.

‘‘नाही, नाही! पूजा झालीय. बायकोने...’’

त्याच क्षणी धुक्यातून हरीण आलं. असं शिंगाळं, असं देखणं, की डोंगराने मुकुट घालून खाली उतरावं! ते मोकळ्यावर उभं राहिलं, पाय रोवून, अगदी समोर. नेम धरायला याहून बरं हरीण कुणी मागूनही आणलं नसतं.

‘‘मार!’’ क्लेटन.

‘‘थांब!’’ डार्लीन. ‘‘आधी मला सांग, लिफ्टमध्ये तू मला काय म्हणालास?’’

‘‘मला जेवणाच्या वेळी काय म्हणाला ते विचार! हा म्हणाला, उंच!’’

‘‘मला म्हणाला, बुटकं! आणि खरंच आहे त्याचं. बघ, त्याची रायफल माझ्यासारखीच आहे!’’

‘‘पण काडतुसं माझी घेतलीत! मनाने तो माझ्याकडे आहे!’’

‘‘मनाने हरीण मरत नाही, क्लेटन!’’

आवाज वाढले. हरणाने मान वळवून मचाणाकडे पाहिलं. वक्तृत्व स्पर्धेला आलेल्या श्रोत्यासारखं ते शांत उभं होतं. एक कान क्लेटनकडे, एक डार्लीनकडे. एक ओकचं फळ उचलून चघळत चघळत त्याने दोन्ही बाजू नीट ऐकून घेतल्या. आणि मग, बहुधा विषय कळल्यामुळे, सावकाश पाइनमधून चालतं झालं!

दवाचा तो थेंब अखेर पडला, चारुदत्तच्या मानेवर.

‘‘चक,’’ क्लेटन म्हणाला, ‘‘खरं खरं सांग. तुला स्वतःला कुठलं बरं वाटतं?’’

चारुदत्तने डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा मधे पाहायला जागाच नव्हती.

‘‘दोन्हींना आपापली बाजू आहे,’’ तो म्हणाला.

डार्लीनने क्लेटनकडे पाहिलं. क्लेटनने डार्लीनकडे पाहिलं.

‘‘उद्या क्लायंटने विचारलं, हे सॉफ्टवेअर घेऊ की ते,’’ डार्लीन म्हणाली, ‘‘तर हा काय सांगेल, असं वाटतं तुला?’’

‘‘दोन्ही विकत घ्यायला लावेल,’’ क्लेटन म्हणाला. ‘‘आणि एकही चालणार नाही.’’

‘‘मग लीड?’’

‘‘नको.’’

‘‘माझंही तेच.’’

दोघंही स्वतःच्याच शब्दांनी चमकले. मग क्लेटनने हात पुढे केला आणि डार्लीनने तो हातात घेतला. चारुदत्तच्या पोटासमोरून, त्याच्या नटलेल्या पट्ट्याच्या अगदी वर! चारुदत्तने अंग चोरून घेतलं, त्यांना नीट हलवता यावा म्हणून.

दुपारी तो घरी पोचला तेव्हा कांचन दारातच उभी.

‘‘हरीण?’’

‘‘सुखरूप आहे.’’

‘‘अगं बाई! देव पावला. आणि ते दोघं? झालं का त्यांचं काही?’’

‘‘एकमत झालं,’’ चारुदत्त म्हणाला. ‘‘इतक्या वर्षांत पहिल्यांदा. हातात हात घेऊन!’’

‘‘अय्या! तुमच्यावर?’’

‘‘माझ्यावरच.’’

कांचनने टाळ्या वाजवल्या, रवा भाजायला घेतला, वैदेहीला हाक मारली, मालिनीकाकूंना फोन लावला. स्वयंपाकघरातून तुपाचा वास येऊ लागला. चारुदत्त पट्टा सोडून खुर्चीत बसला. एकमत नेमकं कशाबद्दल झालं, ते तिने अजून विचारलं नव्हतं. शिरा वाटीत येईपर्यंत आपणहून सांगायचं नाही, एवढा एक निर्णय मात्र त्याने त्या दिवशी, कुणालाही न विचारता, ठामपणे घेतला.