गोळ्या घर बघायला येतात

आमच्या तालुक्यात लग्नाच्या रिसेप्शनला गोळ्या-चॉकलेटांचं काउंटर लावायचं असेल, तर गोळ्या आधी घर बघायला येतात. किरकोळीला असलं काही नाही. दुकानात जा, पैसे ठेवा, गोळी बरणीतून उठून हातावर येते, विषय संपला. पण लग्न म्हटलं की त्यांचे चार-पाच जण घरी येतात, सोफ्यावर बसतात, प्रश्न विचारतात आणि मग हो की नाही ते सांगतात. पुण्यात म्हणे नुसती फोनवर ऑर्डर देतात. तिकडच्या गोळ्यांना स्वाभिमान नसेल.

माझ्या बहिणीचं, हर्षलाताईचं, लग्न ठरेपर्यंत आमच्या घरातला सोफा दोनदा बदलला. पोरं यायची, पोहे खायची, ताईला चालून दाखव म्हणायची आणि जाताना म्हणायची, "घरी जाऊन कळवतो." कळवायचं कुणीच नाही. आमच्या घरात तो शब्द आता कुणी उच्चारत नाही. गॅसवाला कधी येऊ म्हणून विचारतो तेव्हासुद्धा आई "सांगते" म्हणते, "कळवते" म्हणत नाही. शेवटी संग्रामदाजी आले. ते पोह्यांचा दुसरा घास घ्यायच्या आधीच "मला पसंत आहे" म्हणाले, आणि आईनं स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडून घेतलं.

लग्नात ताईनं काहीच मागितलं नाही. मावशीनं शालू ठरवला, दाजींनी हॉल, आणि जेवण अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी. ती एवढंच म्हणाली, "मला गोळ्यांचं काउंटर पाहिजे. बरण्या, चिमटे, छोट्या कागदी पिशव्या, सगळं."

"अगं, पण ते बघायला येतील," आई म्हणाली.

"येऊ देत."

ती हे मोठ्या तोऱ्यात म्हणाली. पण गच्चीवर कपडे वाळत घालताना माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "नम्रे, पोरांनी नाही म्हटलं ते मी पचवलं. गोळ्यांनी पण नाही म्हटलं ना, तर मी त्या स्टेजवर उभी राहू शकणार नाही. मग खरंच माझ्यातच काहीतरी असणार."

मी हसणार होते. तिचं तोंड बघून नाही हसले. मला हे फार कमी वेळा जमतं.

अण्णा दुसऱ्या दिवशी अत्तारचाचांकडे गेले. बाजारपेठेतलं गोळ्या-बिस्किटांचं होलसेल दुकान त्यांचंच, आणि गोळ्यांच्या बाजूनं मध्यस्थीही तेच करतात. चाचांनी बरण्यांमध्ये विचारून रविवार संध्याकाळ ठरवली आणि अण्णा निघताना त्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "ढवळेसाहेब, घरात कुणाला शुगर नाही ना? तेवढं ते बघतात हां."

"छे छे," अण्णा म्हणाले.

अण्णांना शुगर आहे. चांगली जुनी आहे.

रविवारी आईनं शुगर तपासायचं मशीन ज्वारीच्या पिठाच्या डब्यात लपवलं. मेथीचे दाणे भिजवलेला पेला संडासाच्या खिडकीत नेऊन ठेवला. उंबऱ्यापासून सोफ्यापर्यंत मुंग्यांच्या खडूनं दोन रेघा मारल्या. पोहे केले. गोळ्या पोहे खात नाहीत, पण बघायला आलेल्यांसमोर पोहे ठेवायचेच असतात, खायचे की नाही हा त्यांचा प्रश्न. मी सोफ्याच्या मधल्या गादीखाली तो पादणारा रबरी फुगा ठेवला होता, तो आईनं शोधून काढला आणि माझ्या पाठीत एक धपाटा घातला. गोळीच्या वजनानं तो वाजलाच नसता, पण आईला कोण समजावणार.

"आणि तू तोंड उघडायचं नाहीस," आई म्हणाली. "चहा द्यायचा आणि आत यायचं."

बरोबर वेळेवर अत्तारचाचा कापडी पिशवी घेऊन आले. एकेकाला काढून त्यांनी सोफ्यावर रुमाल पसरून बसवलं. मधोमध आलेपाक, वयानं सगळ्यांत मोठे, अंगावर साखर भुरभुरलेली. त्यांच्या डाव्या हाताला लिमलेटची गोळी. उजव्या हाताला चिंचगोळी, जरा फटकळ. आणि टोकाला, पंख्याखाली, चॉकलेट. ते घाईत दिसत होतं. समोरच्या खुर्चीवर ताई बसली होती, मान खाली, पदर दोन्ही खांद्यांवर. त्या खुर्चीवर कसं बसायचं ते तिला झोपेतही येतं.

"मूळ गाव कुठलं तुमचं?" आलेपाकांनी सुरुवात केली.

अण्णांनी सांगितलं.

"हॉलला एसी आहे का?" चॉकलेटनं विचारलं. "म्हणजे चालू असतो का?"

"आहे. चालू असतो. जनरेटरपण आहे," अण्णा म्हणाले.

"मुलाकडची माणसं कशी आहेत?" चिंचगोळी म्हणाली. "स्पष्ट विचारते, राग मानू नका. मागं एका लग्नात आमच्यातल्या एकीला निम्मी चोखून खुर्चीखाली चिकटवली. अजून तिथंच आहे बिचारी. प्रत्येक लग्नाला हजर."

"नाही हो, तशी नाहीत," आई म्हणाली. "चावून खाणारी माणसं आहेत."

"वा," लिमलेट म्हणाली. तिला ते आवडलेलं दिसलं.

सगळं व्यवस्थित चाललं होतं. ताईनं मान थोडी वर केली होती. मग आलेपाकांनी घसा साफ केला. "आणि घरात शुगर वगैरे कुणाला?"

"कुणाला नाही," अण्णा म्हणाले.

तेवढ्यात मी ट्रे घेऊन बाहेर आले. आता रोज दोनदा चहा देताना जे ओरडते तेच मी ओरडले, दुसरं काही नाही. "अण्णा, निळा कप तुमचा, बिनसाखरेचा!"

चौघंही एकदम निळ्या कपाकडे वळले.

"बिनसाखरेचा," आलेपाक म्हणाले.

"त्यांना गोड आवडत नाही," आई घाईनं म्हणाली.

"आवडत नाही, की चालत नाही?"

अण्णा शाळेत शिपाई होते, कुणी साहेबी आवाजात दुसऱ्यांदा विचारलं की त्यांना खोटं बोलता येत नाही. "चालत नाही," ते म्हणाले. "आवडतं फार."

आलेपाकांनी बाकीच्यांकडे बघितलं. "ढवळेसाहेब, तुमच्याबद्दल काही नाही. आम्हाला पोरांनी कडाकडा चावलं तरी चालतं, त्यासाठीच आहोत आम्ही. पण शुगरवाला माणूस काय करतो? समोर येऊन उभा राहतो, डोळे भरून बघतो, वास घेतो, आणि 'नको' म्हणून निघून जातो. आमच्यात बघून नको म्हटलेलं कुणाला सहन होत नाही. चॉकलेटं तर रात्रभर पांढरी पडतात." मग ते चाचांच्या पिशवीकडे वळले. "चला. आम्ही घरी जाऊन कळवतो."

आईनं पदर तोंडाला लावला. मी ट्रे तसाच धरून उभी.

"बसा," ताई म्हणाली.

ती उभी राहिली होती. पदर एका खांद्यावरून खाली आला होता आणि तिनं तो वर घेतला नाही.

"तुमचे प्रश्न झाले. आता माझे." ती लिमलेटकडे वळली. "रंग मूळचा, की लावलेला?"

लिमलेट केशरी होती ती आणखी केशरी झाली. "थोडासा लावलेला आहे," ती म्हणाली.

"हं. जरा चालून दाखवा."

लिमलेट निघाली, गोल असल्यामुळे वळणावर तिला थांबता आलं नाही, ती सोफ्यावरून खाली पडून थेट कपाटाखाली गेली. चाचांनी खराट्याच्या काडीनं तिला बाहेर काढलं. तिच्या अंगाला केस चिकटले होते.

"तुमचं वय?" ताईनं चॉकलेटला विचारलं.

"पाकिटावर छापलंय तेच."

"खरं विचारतेय मी."

चॉकलेट पंख्याकडे बघत बसलं.

"तुमचं ह्याआधी कुठं ठरून मोडलं होतं का?" हे चिंचगोळीला. ती एवढी फटकळ, पण लगेच आलेपाकांच्या आड सरकली.

मग ताई आलेपाकांसमोर जाऊन उभी राहिली. "आणि तुम्हाला हल्ली कुणी मागतं का हो?"

"खोकला झाला की मागतात," आलेपाक म्हणाले.

ताईनं मान हलवली. "ठीक आहे. घर बघून झालं तुमचं, तुम्हाला बघून झालं आमचं. आम्ही घरी बोलतो आणि कळवतो."

"पण तुम्ही घरीच आहात," चॉकलेट म्हणालं.

"तरीपण," ताई म्हणाली.

चाचांनी सगळ्यांना पिशवीत भरलं. दारात ते मला म्हणाले, "बेटा, चाळीस साल हो गये मला, गोळ्यांना असं कुणी बोललं नाही." मला वाटलं, चिडलेत. पण ते मिशीत हसत होते.

ते गेल्यावर आई डोक्याला हात लावून बसली. "झालं. आता हो म्हणणार होते तेही गेले. आणि ह्या कार्टीला मी सांगितलं होतं तोंड उघडू नकोस."

ताईनं सोफ्यापुढची एक प्लेट उचलली आणि पोहे खायला लागली. ते संपवून दुसरी घेतली. "नम्रे, लिंबू आण," ती म्हणाली. बघायला आलेल्यांपुढचे पोहे तिनं कधी खाल्ले नव्हते. तिच्या घशाखाली उतरायचेच नाहीत. ह्यावेळी तिनं चारही प्लेटा साफ केल्या आणि ढेकर दिला. अण्णांनी शुगरचं मशीन डब्यातून काढलं, फुंकर मारून पीठ उडवलं आणि सगळ्यांदेखत बोट टोचून घेतलं.

सोमवारी काही झालं नाही. मंगळवारी मी मुद्दाम अत्तारचाचांच्या दुकानापुढून सायकल हळू हळू नेली. बरण्यांमध्ये सगळ्या गोळ्या काचेला लागून उभ्या होत्या. मी घंटी वाजवली आणि न थांबता गेले. येताना परत तेच केलं. बुधवारी चाचा स्वतः आले, दारातच उभे राहिले.

"हर्षला बेटा, कळव की काहीतरी. धंदा बसलाय माझा. झाकण उघडलं की सगळे एकदम विचारतात, निरोप आला का? किरकोळीला पण कुणी हातावर येत नाही. म्हणतात, आधी ते कळू दे."

"आलेपाक काय म्हणतात?" ताईनं विचारलं.

"ते बोलत नाहीत. घाम फुटलाय त्यांना. साखर सगळी ओली झालीय."

"अजून आमची चर्चा चाललीय, सांगा."

"किती दिवस चालेल?"

"मावशी यायचीय सोलापूरहून," ताई म्हणाली. मावशी स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसली होती. ती पण एके काळी बऱ्याच जणांनी बघितलेली आहे.

शुक्रवारी ताईनं निरोप पाठवला. आमचा होकार आहे, अट एकच. काउंटरवर अण्णा उभे राहतील. संध्याकाळभर उभे राहतील, प्रत्येकाकडे डोळे भरून बघतील, आणि खाणार नाहीत. चालत असेल तर बरण्या भरा.

चाचा म्हणे निरोप वाचून दाखवत होते, तेव्हा "खाणार नाहीत"पर्यंत यायच्या आधीच बरण्या भरायला सुरुवात झाली होती.

रिसेप्शनला काउंटर एसीच्या झोताखालीच लावलं. पांढरा कपडा, वर झेंडूच्या माळा, मागं अण्णा नव्या सदऱ्यात. माणसं रांगेत यायची, हात पुढे करायची, गोळी बरणीतून उठून हातावर यायची. अण्णा प्रत्येकीकडे नीट बघायचे आणि निरोप द्यायचे, "या हं. सावकाश जा." लिमलेटवाली बरणी पहिल्या अर्ध्या तासात रिकामी झाली. मध्येच एक चॉकलेट जाता जाता अण्णांना म्हणालं, "तुमच्यासारखं आमच्याकडं कुणी बघितलं नव्हतं हो." आणि एका पोराच्या तोंडात गेलं. मी फक्त एका माणसाला फसवलं, दाजींच्या आतेभावाला. त्याला म्हटलं चिंचगोळीला आधी नमस्कार करायचा असतो. त्यानं वाकून केला. चिंचगोळीनं पण मान डोलावली, त्यामुळं त्यात काही मजा राहिली नाही.

आलेपाकांची बरणी भरलेलीच होती. पोरं जवळ यायची, वास घ्यायची, नाक मुरडून पुढे जायची. आलेपाक सगळ्यांत वर बसले होते, पुन्हा साखर लावून आलेले. अण्णा मधून मधून म्हणायचे, "येतील हो. जेवणं व्हायचीत अजून." जेवणं झाली. कुणी आलं नाही.

स्टेजवर पाकिटं द्यायची रांग दारापर्यंत गेली होती. तेवढ्यात ताई खुर्चीवरून उठली. शालू हातात धरून पायऱ्या उतरली आणि लोकांच्या मधून काउंटरपाशी आली. फोटोग्राफर "मॅडम, मॅडम" करत तिच्या मागं.

ताईनं आलेपाकांपुढं हात पसरला.

"अहो, मी तिखट आहे," आलेपाक म्हणाले. "तोंड भाजेल. आज स्टेजवर आहात तुम्ही."

"असू दे."

"अजून विचार करा."

"केलाय," ताई म्हणाली. "या."

आलेपाक उठले. उठताना त्यांच्या अंगावरची थोडी साखर अण्णांच्या सदऱ्यावर सांडली, अण्णांनी ती झटकली नाही. ते ताईच्या हातावर आले आणि ताईनं त्यांना तोंडात घातलं. मी अगदी शेजारी उभी होते, म्हणून मला ऐकू आलं. तिच्या गालातून "हुश्श" असा आवाज आला.

ती परत स्टेजवर जाऊन दाजींच्या शेजारी उभी राहिली. डोळ्यांत पाणी, नाक लाल, एक गाल फुगलेला. फोटोग्राफर म्हणाला, "मॅडम, तोंड मोकळं करा ना जरा." तिनं मान हलवून नाही म्हटलं.

दाजी तिच्या कानाशी वाकले. "तोंडात कोण आहे?"

ताईनं गाल बदलला.

"आमच्याकडचेच आहेत," ती म्हणाली.