माप घेऊन मिळेल

मंगळवारी सकाळी नऊ वाजता मेपल रिज मॉलमधले चष्म्यांचे दुकान बंद झाले. आता मॉलमध्ये एकच दुकान उरले. ते लोरेन पेट्रोस्की यांचे, बुटांचे.

ओहायोतल्या त्या उपनगराला याचे विशेष काही वाटले नाही. मॉलच्या पूर्व टोकाचे दुमजली डॅलरिम्पल स्टोअर बुडाले, तिथे व्यायामशाळा आली. ती बसली तेव्हा गाद्यांचे दुकान आले, मग चर्च आले आणि हल्ली ऑक्टोबरपुरते भुतांचे पोशाख विकणारे लोक येत. तरी पत्ता सांगताना गाव ‘डॅलरिम्पलपासून डावीकडे’ असेच सांगे. नवा माणूस अर्थातच चुके.

दहा वाजता मॉलचा व्यवस्थापक टॉड बीचम फुगे घेऊन आला.

“अभिनंदन, लोरेन! तुम्ही आता आमचं मुख्य दुकान झालात.”

“मी? अरे, माझ्याकडे दोन बाकं आणि एक आरसा आहे.”

“करारात आहे तसं. उरलेल्यांत जे सर्वांत मोठं, ते मुख्य. म्हणजे कारंजं, नाताळातला सांताक्लॉज आणि पार्किंगमधला बर्फ आता तुमच्याकडे.”

“आणि सर्वांत लहान दुकान कोणतं?”

टॉडने करार चाळला. “तेही तुम्हीच. म्हणून जाहिरातीत तुमचा फोटो लहान येईल.”

लोरेन यांना मानपान नको होता, बूट विकायचे होते. दुकानात माणसे येत नव्हती असे नाही. हिवाळ्यात गावातली सगळी वडीलधारी मंडळी सकाळी त्या उबदार मॉलमध्ये चालायला येत. फेऱ्या झाल्या की लोरेन यांच्या बाकावर बसून पाय पुढे करत. लोरेन लोखंडी पट्टीवर पाय ठेवून माप घेत, पंजा किती रुंद, टाच कुठे घासते, ते सांगत. मंडळी मनापासून आभार मानत आणि त्याच बाकावर बसून फोनवरून बूट मागवत. ते चावले, की सैल करून घ्यायला पुन्हा लोरेन होत्याच.

“तिकडे स्वस्त पडतं गं,” त्यांची जुनी मैत्रीण गेल लिंडक्विस्ट म्हणे. “पण माप घ्यावं तर तूच!”

शेवटी लोरेन यांनी दारावर पाटी लावली: विक्री झाली नाही, तर महिनाअखेर दुकान बंद.

गाव खवळले. गेलने मॉल बचाव समिती काढली. कोरड्या कारंज्याभोवती सभा भरली, बाहेरून आणलेली कॉफी पीत लोक रडले. बुटांचे दुकान हा गावाचा वारसा असल्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. टॉडने लगेच वारसास्थळांचे नियम लावले: दुकानातली कोणतीही वस्तू जागेवरून हलवता येणार नाही.

“म्हणजे बूट विकायचे नाहीत?” लोरेन यांनी विचारले.

“खोकं फळीवरून हललं की वारसा मोडला. माप घ्यायला हरकत नाही. ती परंपराच आहे.”

“मग मी जगू कशावर?”

“अगं, असं काय बोलतेस?” गेलला भरून आले. “आम्ही सगळे आहोत ना!”

सगळे खरोखरच आले. शनिवारी वारसादर्शन सुरू झाले तेव्हा कित्येक वर्षांनी मॉलचे पार्किंग भरले. रांगेत पहिली गेल. तिच्या पायात नवे कोरे बूट होते.

“कुठून घेतलेस?”

“तू सांगितलेल्याच मापाचे आहेत हं! फक्त करंगळीला चावतायत, तेवढं बघ.”

शेवटची माहिती हाती आली तेव्हा रांग डॅलरिम्पलपासून डावीकडे वळली होती आणि लोरेन गुडघ्यावर बसून गेलचा बूट सैल करत होत्या. पुढच्या महिन्यात दुकान असेल की नाही, हे कळलेले नाही. ते राहिले पाहिजे, याबद्दल मात्र रांगेत, गावात आणि ही हकीकत फोनवर वाचणाऱ्यांत संपूर्ण एकमत आहे.