पत्ता म्हणजे माल न्हवं

माझं लग्न ठरलं तेव्हा मी ऑफिसात पेढे वाटले. सगळ्यांनी उचलून तोंडात टाकले. चिप्पासरांनी आधी विचारलं, "कशाचे?" मग, "कुणाचं ठरलं? तुमचंच न्हवं?" मग ड्रॉवरमधून स्वतःची स्टीलची ताटली काढली, पुसली, पुढे केली. "हितं ठेवा." मी पेढा ठेवला. त्यांनी माझा डबा हातानं लांब सारला, ताटलीतला पेढा उलटापालटा करून बघितला आणि मग खाल्ला.

"सर, पेढाच हाय की," शेजारचा मुलाणी म्हणाला.

"तुमी डब्यात बघितला तवा पेढा व्हता. खाताना लाडू निघाला तर? मधल्या टायमात डब्यात कुणी हात घातला, सांगा की! म्हणून आधी आपल्या ताटलीत घ्यायचं. मग तपासायचं. तपासलेलंच खायचं. परत डब्याकडं बघायचं न्हाई."

एका पेढ्यासाठी एवढं. पुढची चार वर्षं मी त्या माणसाच्या हाताखाली काढली.

आमची कंपनी लहान. टॉवेल विणणाऱ्या मागांवर नक्षी उतरवायचे संगणक आम्ही बनवतो. व्यंकटेश चिप्पा आमचे सर्वांत जुने इंजिनिअर. विणकरांच्या घरातले, घरी तेलुगू, बाहेर खास सोलापुरी. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, की ठेवायचीच नसत, देव जाणे. मला ते 'करमाळा' म्हणायचे, कारण मी करमाळ्याची. "ओ करमाळा, हिकडं या!" अशी हाक आली की माझं काम परत आलेलं असायचं.

त्यांना काही सांगायला गेलं की हात वर करून थांबवायचे. आपलं सगळं वहीत लिहून घ्यायचे, आपल्यालाच वाचून दाखवायचे आणि मग विचार सुरू करायचे. लिहून झाल्यावर आपण "सर, एक राहिलं" म्हणालो की पान फाडून पहिल्यापासून. मुलाणी तर त्यांना "बाहेर ऊन आहे" एवढंसुद्धा सांगायचा नाही.

हे वेड आलं होतं कर्नलमधून. कर्नल म्हणजे संगणकातला आतला कारभारी. मागाला, पडद्याला, डिस्कला हात लावायचा अधिकार त्याचा. आमचा नक्षीचा प्रोग्रॅम बाहेरचा. त्याला मागावर नक्षी पाठवायची असली की तो कारभाऱ्याला नक्षी देत नाही. त्याच्या मेमरीत ती कुठं ठेवली आहे, तो पत्ता देतो. कारभाऱ्यानं तिथं जाऊन ती उचलायची.

"पत्ता म्हणजे माल न्हवं," सर दिवसातून पाच वेळा म्हणायचे. पत्ता चुकीचा असेल. बाहेरचा म्हणून दिलेला पत्ता कारभाऱ्याच्याच कपाटाचा असेल. माल त्या घडीला मेमरीत नसेल, डिस्कवर पडला असेल, तर तो येईपर्यंत थांबावं लागेल. म्हणून आधी पत्ता बघायचा, मग नेमून दिलेल्या फंक्शननं माल आपल्याकडं उतरवायचा आणि ती उतरवलेली नक्कल तपासायची. थेट बाहेरच्या मेमरीत हात घालायचा नाही.

मागाशी बोलणारा कर्नलमधला तुकडा मी लिहिला होता, आणि त्यात मी थेट हात घातला होता. एकच ओळ, मोठ्या नक्षीचा उरलेला भाग उचलणारी. ऑफिसातल्या जुन्या संगणकावर महिनाभर बिनतक्रार चालली. सरांनी तो तुकडा अकरा वेळा परत पाठवला. दहा वेळा बाकीच्या कारणांनी, स्वल्पविरामापर्यंत. अकराव्या वेळी त्या ओळीवर लाल वर्तुळ होतं. मला वाटलं, आता मात्र हद्द झाली. दुसऱ्या दिवशी सर रजेवर होते. मी तो तुकडा तसाच गिऱ्हाइकाकडं पाठवून दिला.

दुपारी त्या टॉवेल कारखान्याच्या मालकांचा फोन. "ओ मॅडम, मोर मानेपतूर आलाय. पिसारा न्हाई! माग बी बंद, तुमचा संगणक बी बंद!"

त्यांचा संगणक नवा होता. नव्या प्रोसेसरला ठाऊक असतं, की कर्नलनं नेमलेल्या दारातूनच बाहेरच्या मेमरीत जायचं. माझी ओळ भिंतीतून घुसायला गेली आणि सगळंच ठप्प झालं.

सर फोन उचलेनात. मी स्कूटर काढली आणि विडी कामगारांच्या वसाहतीत, विडी घरकुलात, त्यांचं घर शोधलं. दार त्यांनीच उघडलं. मी धापा टाकत सांगू लागले, तर हात वर! वही आली. माग बंद, मालक ओरडतायत, आणि हा माणूस लिहून घेतोय. वाचून दाखवलं. मी रडायच्या बेतात होते.

"सरळ हात घातलासा की, करमाळा," ते एवढंच म्हणाले. लॅपटॉप मांडीवर घेऊन ओळ काढली, सात ओळी घातल्या, दोनदा वाचल्या, पाठवल्या. अर्ध्या तासात मालकांचा फोन आला, पिसारा उतरायला लागला होता. सरांनी फोन माझ्या हातून घेतला. "व्हय, माज्या नजरंतनं सुटलं. त्या पोरीचं काय न्हाई त्यात."

मी काही बोलणार तेवढ्यात आतून हाक आली. "मल्लेशा!"

सर उठले. आतल्या खोलीत खाटेवर त्यांची आई बसली होती. पुढ्यात सूप, सुपात पानांऐवजी वर्तमानपत्राचे कातरलेले तुकडे. ती त्या तुकड्यांच्या विड्या वळत होती, एकसारख्या, भराभर. वर भिंतीला एका तरुणाचा हार घातलेला फोटो, खाली अक्षरं: मल्लेश चिप्पा.

सोलापुरातल्या शेजारपाजारच्या संगतीनं मला तेलुगू कळतं. म्हातारीनं विचारलं, भिवंडीहून कधी आलास? आत्ताच, सर म्हणाले. कुठल्या गाडीनं? सकाळच्या. बसायला जागा मिळाली? मिळाली, अम्मा, खिडकीची. ते तिच्या पायाशी बसले होते आणि तिनं दिलेल्या कागदी विड्या एकेक घेऊन जुडीत लावत होते. न बघता.

मग तिनं हात थांबवला. "वेंकटेश तिन्नाडा?" व्यंकटेश जेवला का?

बाहेरच्या टेबलावर एक न शिवलेलं ताट अर्धवट झाकून ठेवलेलं होतं. त्यातला भात कडेनं वाळला होता.

"तिन्नाडम्मा," सर म्हणाले. जेवला, अम्मा.

"लहान आहे तो," ती म्हणाली. "त्याच्याकडं बघत जा."

"बघतो की," सर म्हणाले, आणि पुढची विडी घ्यायला हात पुढे केला.