पाटील सरांचा अपूर्ण प्रकल्प

आमच्या भिवंडीच्या कॉलेजातल्या पाटील सरांना कोणी चांगलं काम करताना दिसलं, की ते त्याला थांबवायला धावतात. चोराकडे ते ढुंकूनही पाहणार नाहीत. पण कोणी फळं वाटतंय, झाडं लावतंय, गरिबांसाठी ॲप काढतंय, असं दिसलं की सरांची स्कूटर करकचून थांबलीच. चष्मा कपाळावर चढवून ते विचारणार, "ज्याला देताय, त्याला विचारलंत काय?"

टेमघरच्या एका मंडळाने शिलाई मशीन वाटायच्या कार्यक्रमाला त्यांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं. हौसच ती. पहिली बाई स्टेजवर आली, फोटोवाला सरसावला, आणि सरांनी तिच्या तोंडापुढे माईक धरला.

"ताई, शिवता येतं?"

"न्हाय," ती मोकळेपणाने म्हणाली. "पन टीव्ही ठेवाला बरी हाय."

त्या मंडळाचे अध्यक्ष अजूनही सर दिसले की रस्ता बदलतात. सर मला म्हणतात, "बघा बाई, लोक विचार करायला लागले."

सर शिकवतात तो विषय सामाजिक उद्योजकता. म्हणजे धंदाही करायचा आणि लोकांचं भलंही करायचं. बाकीच्या कॉलेजांत या विषयाला टाळ्या पडतात. सरांच्या वर्गात टाळ्यांना बंदी. विद्यार्थ्याने आपली योजना मांडली, की सर त्याला खिडकीपाशी उभं करतात. "आता तू लाभार्थी. बाकीच्यांनी विचारा."

एका मुलाने लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या कामगारांसाठी सकाळचा योगवर्ग काढला होता. बिचारा खिडकीत गेला.

"रात्रपाळीवरून कधी सुटलास?" सरांनी विचारलं.

"आत्ताच, सर."

"मग आता काय करणार?"

मुलाने मनापासून विचार केला. "झोपणार, सर."

"झोप मग."

मुलगा निमूटपणे बाकावर जाऊन बसला. योजना तिथेच संपली. प्राचार्य मला म्हणाले, "मॅडम, सांगा हो त्यांना, मुलांचा उत्साह मारतात." मी सांगितलं. सर म्हणाले, "मारत न्हाय, बाई. उत्साहाला फक्त पत्ता विचारतो, कुठं चाललाय म्हणून."

सर इथल्याच पूर्णा गावचे. त्यांच्या भातशेतीवर आता गोडाऊनं उभी आहेत. भाडं येतं, त्यावर चार भावांचे चार बंगले झाले, आणि चार बंगल्यांना चार गेटं. सरांच्या पत्नी गेल्या, मुलगी लग्न होऊन नाशिकला. नोकरीची गरज नसलेला आमच्या स्टाफरूममधला हा एकमेव माणूस. आणि सुट्टी जाहीर झाली की तोंड पाडून बसणाराही एकमेव.

यंदा शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला सना आणि प्रथमेश यांची जोडी होती. दोघं सरांचे पट्टशिष्य. सनाला पुढे एम.कॉम. करायचं होतं. तिच्या अब्बांचं सुताचं दुकान. त्यांनी साफ सांगून ठेवलं होतं, एक विषय जरी राहिला तरी पढाई बंद, दुकानात बसायचं. तेव्हा या प्रकल्पात पास होणं म्हणजे तिच्यासाठी सगळंच होतं.

तिने आणला 'आपुलकीचा डबा'. गोडाऊनच्या गावांमध्ये मोठ्या घरांत एकेकटी माणसं उरली आहेत. लूमच्या कामगारांसाठी घरगुती खानावळी चालवणाऱ्या बायकांनी या माणसांना दुपारचं जेवण पोचवायचं. योजना चांगली होती. गडबड झाली ती नमुन्यादाखल दाखवलेल्या लाभार्थ्यामुळे. पडद्यावर फोटो आला. 'श्री. प., राहणार पूर्णा. एकटे राहतात. दुपारी फक्त केळी खातात.' ओळख लपावी म्हणून फोटो पाठमोरा घेतला होता. पण ते टक्कल अख्ख्या भिवंडीत एकच आहे.

मी परीक्षक म्हणून मागच्या बाकावर होते. अख्ख्या वर्गाच्या माना सरांकडे वळल्या. प्रथमेश पुटपुटला, "मेलो." ज्या माणसाने वर्षभर एकच प्रश्न शिकवला, त्यालाच न विचारता या दोघांनी लाभार्थी करून टाकलं होतं.

सर उठले, चालत खिडकीपाशी गेले आणि उभे राहिले. "विचारा."

सनानेच सुरुवात केली. "सर... जेवण कोण बनवतं?"

"बाई येते. मासे असे करते की तुमच्या आयांनी शिकायला यावं."

"तो फिर केळी का खाता?"

"मला आवडतात."

वर्ग फुटला. सनालाही हसू आलं, मग तोंड उतरलं. डबा बुडाला, आणि डब्याबरोबर एम.कॉम. तरी ती बसली नाही. वर्षभराची सवय. "मग तुम्हाला काय पाहिजे, सर?"

सर काहीतरी खोचक बोलणार म्हणून सगळे सरसावून बसले. सरांनी तोंड खिडकीबाहेर वळवलं.

"रविवार लय मोठा असतो," ते म्हणाले. आणि तास संपायच्या आधीच वर्गाबाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी शेरा मिळाला: 'प्रकल्प अपूर्ण. रविवारी सकाळी माझ्या घरी येऊन पुन्हा मांडणे. इतरांनीही येण्यास हरकत नाही.' सना स्टाफरूमच्या दारात येऊन रडली. मी म्हटलं, मी पण येते.

रविवारी सना, प्रथमेश आणि मी, आम्ही तिघं पूर्ण्याला पोचलो. सर इस्त्रीच्या शर्टात गेटवर उभे. आत पाहिलं तर अंगणभर मंडपवाल्याच्या लाल खुर्च्या, ओळीने मांडलेल्या. पूर्ण वर्गाला पुरतील एवढ्या. आलो आम्ही तिघं.

"बसा, बसा," सर म्हणाले. "कुठंही बसा."

मग जेवणापर्यंत त्यांनी सनाच्या योजनेची चाळण केली. कच्च्या जागा दाखवल्या, भांडले, खूश झाले, परत भांडले. पानं वाढली तेव्हा सनाने धीर केला. "सर, मार्क्स?"

"ते कालच दिले हापिसात. पैकीच्या पैकी." सरांनी तिच्या पानात पापलेटाची तुकडी वाढली, मान वर न करता.

"तो फिर अधूरा क्यों लिखा, सर?"

सर प्रथमेशला भात वाढायला लागले. प्रथमेशच्या पानात भात आधीच डोंगराएवढा होता.

सनाने दारातून अंगणातल्या रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "सर, पुढच्या रविवारी येऊ का आम्ही? सबको लेके?"

तेवढ्यात बाहेर मंडपवाल्याचा टेम्पो वाजला. सर हात न धुताच उठून अंगणात गेले. मंडपवाल्याने दोन खुर्च्या उचलून एकात एक घातल्याही होत्या.

"ठेव त्या खाली," आम्हाला सरांचा आवाज ऐकू आला. "लागनार हायेत."