साहेबांचा सुटा मिक्सर

पाहणीला आलेल्या साहेबांनी आपलं मत घरूनच बनवून आणलं होतं. पाहणीमुळे ते बिघडू नये, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

"भंगार सुटं करायला शिकायचं, त्याला दुसरं वर्ष कशाला हवं?" आत शिरता शिरताच त्यांनी विचारलं. बसायला खुर्ची मिळेना, कारण दोन्ही खुर्च्यांवर लोकांनी टाकून दिलेले पंखे बसले होते.

केंद्राचं काम तसं साधं होतं. शाळा सोडलेली वस्तीतली मुलं सकाळी टाकाऊ यंत्रं सुटी करायची आणि दुपारी मागच्या खोलीत त्याच यंत्रांचा अभ्यास करायची. कामाचा पगारही मिळायचा, म्हणून घरचे लोक शिक्षणाकडे कानाडोळा करायचे. पहिलं वर्ष आता संपत आलं होतं आणि दुसऱ्याची मंजुरी साहेबांच्या हातात होती. ती मिळाली नाही तर सगळ्यांनी घरी बसायचं. सगळ्यात जास्त धसका घेतला होता तो कात्रीने. हातापेक्षा जीभ जास्त चालते म्हणून त्या मुलीला हे नाव पडलं होतं. घरी बसायचं म्हणजे काकाच्या दुकानात जन्मभर पुड्या बांधायच्या, आणि या विचारानेच तिला रडू यायचं.

साहेबांच्या काखेत मिक्सर होता. दुरुस्तीवाल्याने महिनाभर रखडवलेला तो मिक्सर त्यांनी येतायेता सोडवून आणला होता. संध्याकाळी सासूबाई जेवायला यायच्या होत्या, तेव्हा मिक्सरशिवाय घरी जाण्यात काही अर्थ नव्हता. हात अवघडला म्हणून त्यांनी तो समोरच्या लांब टेबलावर ठेवला आणि ते केंद्राच्या संचालकांबरोबर मागच्या खोलीतला वर्ग बघायला गेले.

आता, त्या टेबलाचा एक नियम होता. टेबलावर आलेली वस्तू सुटी करायची, विचारायचं नाही. पूर्वी मुलं प्रत्येक वस्तूला "सर, ही चांगली दिसतेय, ठेवू का?" असं विचारायची आणि काम पुढे सरकायचं नाही. म्हणून हा नियम खुद्द संचालकांनी केला होता. आपल्या मुलांच्या शिस्तीबद्दल ते मागच्या खोलीत साहेबांना सविस्तर सांगत होते. संचालकांचं सविस्तर म्हणजे समोरच्याने जांभई दिल्यावर सुरू व्हायचं.

दोघं बाहेर आले तेव्हा टेबल पुसून लख्ख झालं होतं.

"माझा मिक्सर कुठाय?"

"तांबं त्या डब्यात, स्क्रू बरणीत, प्लास्टिक धुऊन वाळत घातलंय," कात्रीने अभिमानाने सांगितलं. "पातं बोथट होतं हं, साहेब."

"अगं, तो चालू होता!"

"चालूच होता. लावून बघितला ना आम्ही. म्हटलं, लोक काय काय टाकतात!"

"विचारायचं तरी!"

"विचारायचं नाही असा नियमच आहे. सरांनी केलाय."

सर छताकडे बघत होते. "शिस्त मात्र मानली पाहिजे," ते पुटपुटले.

तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. घरून होता.

"अहो, मिक्सर घेतलात ना? नीट बघून घ्या, मागच्या वेळी झाकण राहिलं होतं."

"या वेळी सगळं डोळ्यांसमोर आहे," साहेब म्हणाले. एवढं खरं ते घरी क्वचितच बोलत.

"जोडा! आत्ताच्या आत्ता जोडा!" फोन ठेवताच त्यांचा आवाज परत आला. एका उत्साही मुलाने हाताला लागले तेवढे भाग जोडले. त्याने बटण दाबलं तेव्हा मिक्सर ढिम्म राहिला, पण केंद्रातले सगळे दिवे गेले.

"दुरुस्तीवाल्याकडे पाठवू या का, साहेब?" अंधारातून संचालकांनी सुचवलं.

"अख्ख्या मिक्सरला त्याने महिना लावला. हा असा नेला तर मी निवृत्त होईन! वर्षभर या मुलांना तुम्ही जोडायला शिकवलंच नाही?"

"जोडणी दुसऱ्या वर्षाला आहे," कात्री म्हणाली. "शिकवणारे मास्तरही मंजुरी आली की येणार."

कुणीतरी दिवे लावले. साहेबांनी डब्यातल्या तांब्याकडे बघितलं, बरणीतल्या स्क्रूंकडे बघितलं. फोन पुन्हा वाजायला लागला.

"दुसरं वर्ष," ते घसा खाकरत म्हणाले, "अत्यंत गरजेचं आहे. ते नाही म्हणजे शिक्षण अर्धवट सोडल्यासारखंच आहे. मंजूर. उद्यापासून सुरू करा."

कात्रीने आनंदाने अशी किंकाळी फोडली की पंखेसुद्धा खुर्च्यांवरून पडायचे राहिले. तिचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचं तिला सुचलंही नाही.

"मग मास्तर आले की आधी मिक्सर," साहेब म्हणाले.

"आधी इस्त्री असते, साहेब, मग पंखा," कात्री डोळे पुसत म्हणाली. "मिक्सर दुसऱ्या सहामाहीत."

साहेबांनी फोन कानाला लावला.

"अगं, जरा थांबावं लागेल. आपल्या मिक्सरला दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळालाय."